किटवरची चिमणी

आमच्या ट्यूटर बाईंना आम्ही मोजपट्टी म्हणायचो, आणि ते त्यांना माहीत होतं. चादरीचा कोपरा नीट दुमडलाय की नाही हे त्या खरोखरच स्टीलची पट्टी लावून बघायच्या. चुकलं की तीच पट्टी बोटांवर. पहिली दोन वर्षं आम्ही नर्सिंगचं सगळं काम एका रबरी बाहुलीवर शिकलो. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, कारण तिचं तोंड कायम उघडं. आत्याबाईंच्या नाकातून नळ्या घातल्या, दंडात सुया टोचल्या, त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसली. बिचारीनं कधी हूं की चूं केलं नाही. मग साथ आली, आणि तिसऱ्या वर्षाच्या आम्हा पोरींना रांगेत उभं करून सांगितलं की उद्यापासून तुमचं प्रशिक्षण साथीच्या वॉर्डात.

"ज्यांना घरी जायचंय त्यांनी खुशाल जावं," मोजपट्टी म्हणाली. "फक्त वर्ष वाया गेलं समजायचं."

कोण जातंय? सगळ्या मूग गिळून उभ्या. मी फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण मीसुद्धा गप्प. माझ्या शेजारी माझी रूममेट उभी होती. ती माझ्या खांद्याला जेमतेम लागायची, म्हणून सगळं होस्टेल तिला चिमणी म्हणायचं आणि मला बांबू. तिची आईसुद्धा आम्हाला याच नावांनी हाका मारायची. चिमणीनं खालून माझा हात धरला आणि पुटपुटली, "निदान आत्याबाईंपासून तर सुटका झाली." मला हसू आलं आणि पट्टी पडली ती माझ्या बोटांवर.

त्याच दिवशी केस गेले. वॉर्डात अंगभर घालायच्या किटच्या टोपीत केस मावत नाहीत, बटा बाहेर येतात, असं म्हणून मोजपट्टीनं कपडे बदलायच्या खोलीत एक स्टूल ठेवलं आणि ड्रेसिंगच्या कात्रीनं एकेकीचे केस कापायला घेतले. माझे काय, होते तेच उंदरानं कुरतडल्यासारखे. पण चिमणीचा शेपटा पार कमरेखाली यायचा. तिच्या आईनं तो लहानपणापासून तेल घालून घालून वाढवला होता. काकू होस्टेलवर भेटायला आल्या की आधी लेकीचा शेपटा हातात घेऊन बघायच्या, मग तोंड. चिमणी म्हणाली, "बाई, मी घट्ट बांधते ना, दोन टोप्या घालते." मोजपट्टीनं सरळ शेपटा मुठीत धरला. ड्रेसिंगची कात्री ती, एवढ्या जाड शेपट्याला लागेना, करकर करत चावत बसली. चिमणी डोळे मिटून बसली होती. उठली तेव्हा शाळेतल्या मुलग्यासारखी दिसत होती.

"आईला सांगायचं नाही हं बांबू," ती म्हणाली. "साथ संपेपर्यंत वाढवते मी." त्यानंतर तिनं आईला बिनकिटाचा फोन म्हणून कधी केला नाही. किट चढवून, टोपी, चष्मा, मास्क सगळं लावून मगच व्हिडिओ कॉल. काकू पलीकडून ओरडायच्या, "शेपटा नीट खोचलास का गं?" आणि ही म्हणायची, "हो गं आई, खोचला."

आता किटचं सांगते. पाकिटावर छापलेलं असायचं की एकदा वापरून फेकून द्या. आमची किटं धुवून गच्चीवर दोरीला वाळत पडायची. आमच्या वर्षात जेवढ्या पोरी तेवढीच किटं, आणि आत गेल्यावर सगळ्या सारख्याच, पांढरी गाठोडी. पेशंटला कळेना कोण सिस्टर, कोण डॉक्टर, कोण झाडूवाला. म्हणून छातीवर आणि पाठीवर मार्करनं नाव लिहायचं ठरलं. चिमणीचं अक्षर मोत्यासारखं, तेव्हा सगळ्यांची नावं तिनंच लिहिली. स्वतःच्या किटवर मात्र नाव लिहिलंच नाही. छातीवर एक चिमणी काढली, टुमटुमीत, चोच वर केलेली, आणि पाठीवर तीच चिमणी मागून, शेपटीकडून. किती धुतलं तरी तो मार्कर जायचा नाही, जरा फिका व्हायचा एवढंच. काकूंना त्या चिमणीचं भारी कौतुक. बदलायच्या खोलीत आम्ही दहा जणी एकसारख्या उभ्या असलो तरी फोनवर त्या म्हणायच्या, "चिमणी आहे ती माझी. बाकीच्या तुम्ही कोण का असेनात."

वॉर्डात काय शिकलो ते विचारू नका. तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, कारण किट उतरवता येत नाही, म्हणून शिकाऊ पोरींनी मोठ्या माणसांचे डायपर घालून काम करायचं. माणूस गेला की पलंग गार व्हायच्या आत चादर बदलायची. मोजपट्टी बाहेर काचेपलीकडे खुर्ची टाकून बसायची. चादरीला सुरकुती दिसली की पट्टीनं काच ठोकायची, टक टक. आत एक बाई श्वासासाठी तडफडतेय, तिनं माझा हात धरलाय, आणि बाहेरून टक टक, कोपरा! सोडवला मी हात आणि नीट केला कोपरा. परत वळले तर त्या बाईला धरायला दुसऱ्या पोरीचा हात सापडला होता, चिमणीचा. चिमणीला टक टक ऐकूच यायची नाही. म्हणजे यायची, पण ती मान वर करायची नाही.

मग चिमणी आजारी पडली. सकाळी होस्टेलवर उठून बसली आणि म्हणाली, "बांबू, मला साबणाचा वास येत नाहीये." दोन-तीन दिवसांत तिला आमच्याच वॉर्डात आणलं, खिडकीजवळच्या पलंगावर. आदल्या आठवड्यात त्या पलंगाची चादर तिनंच घातली होती.

मला वाटलं, आता घरी कळवतील. कसलं काय! मेट्रन आणि मोजपट्टी यांची दार लावून खलबतं झाली. एका पोरीच्या घरी कळलं की सगळ्यांचे आईबाप परवाने मिळवून आज ना उद्या दारात उभे राहणार, आपापल्या मुली घेऊन जाणार, आणि मग वॉर्ड चालवायचा कुणी? निम्मा स्टाफ आधीच आडवा झालेला. तेव्हा मोजपट्टीनं चिमणीचा फोन "चार्जिंगला लावते" म्हणून नेला तो नेलाच. काकूंचे मेसेज यायचे आणि मोजपट्टी चिमणी बनून उत्तर द्यायची, "आई, ड्यूटीवर आहे. फोन आत नेता येत नाही. जेवले." जेवले! पोरीच्या पोटात सलाईनशिवाय काही नव्हतं. मी जाब विचारला तर म्हणाली, "तुझंही वर्ष घालवायचंय का?"

माझं डोकं फिरलं होतं, पण चिमणी बरी होईल असं मला खरंच वाटत होतं. ती आमच्या वयाची, धडधाकट. ती पालथी पडून असायची, तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क, त्याच्या पट्ट्यांनी गाल सुजून वर आलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या. मी पाठ चोळायला गेले की मास्कच्या आतून विचारायची, "आईचा फोन?" मी म्हणायची, "करू गं. उद्या करू."

त्या दिवशी दुपारी वॉर्डचे डॉक्टर तिला तपासून माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "हिला तासाभरात नळी टाकावी लागेल, व्हेंटिलेटरवर घेतो. एकदा भूल दिली की बोलता येणार नाही. तुझी मैत्रीण ना? कुणाशी बोलायचं असेल तर आत्ताच." नळी टाकल्यावर त्या वॉर्डातनं कोण परत बोललं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

नशिबानं दुपारच्या भेटींची ड्यूटी माझीच होती. भेट म्हणजे वॉर्डचा एक फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पलंगापलंगाशी न्यायचा आणि घरच्यांना व्हिडिओवर पेशंट दाखवायचा. काचेकडे बघितलं. खुर्ची रिकामी. मोजपट्टी जेवायला गेली असणार असं मला वाटलं. मी सरळ काकूंचा नंबर लावला.

"काकू, मी बांबू."

"अगं बाई, बांबू! कुठनं बोलतेयस? किती दिवसांनी! ती भवानी कुठाय? मेसेजवर दोन शब्द टाकते आणि गायब. आईला तोंड दाखवायला काय पैसे पडतात?"

"तेच दाखवते, काकू. पण ऐका, घाबरू नका, ती जरा..."

वॉर्डात मशीनांचा कल्ला, माझ्या तोंडावर दोन मास्क, वर फोन पिशवीत. काकूंना काय ऐकू गेलं देव जाणे. मी कॅमेरा फिरवला आणि फोन चिमणीच्या तोंडासमोर धरला. तिला कुशीवर वळवून ठेवलं होतं. आईचा आवाज ऐकून तिनं डोळे उघडायचा प्रयत्न केला.

स्क्रीनवर काकूंचं कपाळच तेवढं मोठं दिसत होतं, त्या फोनमध्ये डोकावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, हा मुलगा आहे की मुलगी? किती कोवळं पोर आहे गं. मला कशाला दाखवतेस? माझ्यानं नाही बघवत."

"काकू..."

"अगं ती बघ! ती बघ, मागे! चिमणी! अहो, इकडे या, चिमणी दिसतेय! चिमणे! इकडे बघ गं!"

मी वळले. पलंगाच्या मागे, दारातून आत आलेलं एक किट उभं होतं. लहान चणीचं. छातीवर फिकी झालेली, चोच वर केलेली चिमणी.

क्षणभर मलासुद्धा वाटलं. खरं सांगते, क्षणभर माझासुद्धा जीव हरखला. मग किटच्या हातात स्टीलची पट्टी दिसली. इतक्या पोरी आजारी पडल्या होत्या की मेट्रननं त्या दिवसापासून ट्यूटर लोकांनाही आत जुंपलं होतं. मोजपट्टीही बुटकीच. तिच्या अंगाला बसेल असं एकच किट गच्चीवर रिकामं लटकत होतं, तेच ती घालून आली होती.

"चिमणे, अगं ऐकू येत नाही का? हात तरी हलव!"

मोजपट्टीनं फोन बघितला. मला बघितलं. पलंगावरच्या पोरीला बघितलं. एवढी हुशार बाई, तिला सगळा प्रकार कळायला किती वेळ लागणार? तिनं पट्टी पाठीमागे धरली आणि दुसरा हात वर करून हलवला. छान, मोकळा, लेकीनं आईला हलवावा तसा.

पलीकडे काकूंनी रडायला आणि हसायला एकदमच सुरुवात केली. काका आले, त्यांचंही कपाळ दिसलं. "बघा, कशी ठणठणीत आहे! मी म्हणत नव्हते? उगाच माझ्या जिवाला घोर. बारीक झालीस गं! शेपटा खोचलास ना?"

आणि पलंगावरून मास्कच्या आत आवाज आला, "आई."

मशीनच्या आवाजातूनही तो काकूंनी ऐकला. आईचे कान ते. त्या फोनच्या आणखी जवळ आल्या. मग एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "ऐक गं बांबू, ते पोर आईला हाक मारतंय. किती वाईट गं. कुणाची आहे बिचारी? तिच्या आईला लाव की फोन. माझ्याशी काय बोलत बसलीस, माझी ती बघ, चांगली उभी आहे. बाळा, येईल हं तुझी आई. शांत पड. येईल."

मी तोंड उघडलं. आईशपथ उघडलं. पण चिमणीच्या हातानं माझं मनगट धरलं. सगळा जोर लावून, हातमोज्याच्या दोन थरांतून नखं लागतील इतकं घट्ट. ती मला 'सांग' म्हणत होती की 'सांगू नको' म्हणत होती, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तेवढ्यात मोजपट्टीनं माझ्या हातातून फोन घेतला. मास्कमधून सगळ्यांचा आवाज सारखाच येतो, घोगरा. "आई, मी बरी आहे. काम आहे गं. ठेवते," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

"तुम्ही माणूस आहात की कोण?" मी ओरडले. आजूबाजूचे पेशंट माना वळवून बघायला लागले.

"काय सांगणार होतीस तिला?" मोजपट्टीचा आवाज अजिबात चढला नाही. "गाड्या बंद, रस्ते बंद, दारावर पहारा. तासाभरात येऊ शकणार होती ती? आज रात्री झोपेल तरी."

"तुम्हाला तिच्या झोपेचं पडलेलं नाही. आमचे आईबाप येतील त्याचं पडलंय."

"तेही पडलंय," ती म्हणाली. "या वॉर्डातल्या माणसांना पाणी कोण पाजणार, तू गेल्यावर?" मग तिनं वाकून चिमणीच्या पलंगाचा कोपरा बघितला. पट्टी लावली नाही, नुसत्या हातानं दुमडून नीट केला, आणि मला वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं.

डॉक्टर तासाभरानं येणार होते, ते आधीच आले. मला लांबून पडदा ओढलेला दिसला आणि पडद्याच्या आत चार-पाच पांढऱ्या पाठी. एका पाठीवर चिमणी होती, शेपटीकडून काढलेली.

ड्यूटी संपवून किट उतरवून मी होस्टेलवर आले तेव्हा माझा स्वतःचा फोन हातात आला. ठरवलंच होतं, आता काहीही होवो, वर्ष जाऊ दे नाहीतर आयुष्य, काकूंना खरं सांगायचं. उघडला तर काकूंचा मेसेज आधीच येऊन पडलेला. "बांबू, तुझे उपकार गं. लेकीला बघितलं, जीव भांड्यात पडला. आज पोटभर जेवले. ते पलंगावरचं पोर कसं आहे?" मी फोन उशीखाली सारला आणि चिमणीच्या रिकाम्या कॉटकडे पाठ करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी गेली. घरी कळवलं ते असं, की रात्री ड्यूटीवर असताना एकाएकी त्रास सुरू झाला, सगळे प्रयत्न केले, वाचवू शकलो नाही. आता त्यांना प्रवासाचा परवाना मिळाला. मेल्यावर लगेच मिळतो. पण काकू-काका पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पांढऱ्या पिशवीला चेन लावून, कुणालाही न दाखवता.

कॉलेजच्या हॉलमध्ये मेणबत्त्या लावल्या. चिमणीचा पहिल्या वर्षाचा फोटो, खांद्यावरून पुढे घेतलेला शेपटा. मेट्रन बोलली, की शेवटच्या क्षणापर्यंत ती पेशंटच्या सेवेत उभी होती. काकू मान हलवत होत्या. हो, उभी होती, मी बघितलं ना. मोजपट्टी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. हात एप्रनच्या खिशात, पट्टीवर.

सगळे पांगल्यावर काकूंनी मला बाहेरच्या बाकावर शेजारी बसवून घेतलं. माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "तुझेही कापले वाटतं," म्हणाल्या. "माझीनं नाही हो कापू दिले. जिद्दी होती." मी मान खाली घातली. आत काहीतरी फाटत चाललं होतं आणि मी ते दाताखाली धरून ठेवलं होतं.

"आदल्याच दिवशी बघितलं गं मी तिला," काकू म्हणाल्या. "हात हलवला तिनं. तेवढ्या एका आठवणीवर श्वास चाललाय बघ माझा. तू त्या दिवशी फोन लावला नसतास तर मी काय केलं असतं?"

त्यांनी नाक पुसलं, आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडे वळल्या.

"बांबू, ती दुसरी गं. पलंगावरची, केस कापलेली. आई आई करत होती. माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ती. तिचं काय झालं?"

लांबवर, दाराशी, मोजपट्टी थांबून आमच्याकडे बघत होती.

"गेली, काकू."

"आई गं! आणि तिची आई? आली का तिची आई?"

"आली," मी म्हणाले.

"भेटली? बोलली लेकीशी?"

"हो. बोलली. बाळा म्हणाली, शांत पड म्हणाली."

काकूंनी डोळे मिटले. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू थोपटत राहिल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नशीबवान गं ती बाई. मला नाही मिळालं तेवढं."